बारावा फोटो

रेसकोर्सच्या मेंबरांच्या गेटपाशी येऊन आप्पा जे थांबले ते थांबलेच.

"तू हो फुडं. मी मागनं येतो," ते म्हणाले.

"मागनं म्हणजे कुठनं?"

"आमच्या गेटातनं. नाल्याच्या अंगाला हाय की."

"आप्पा, ते गेट मोतद्दारांचं. तुम्ही रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. आणि आज तुमच्या कोटाला मालकाचा बिल्ला आहे."

त्यांनी मान खाली घालून बिल्ल्याकडे पाहिलं. पुठ्ठ्याचा होता, दोऱ्यानं कोटाच्या बटणाला बांधलेला. कोट माझ्या नवऱ्याचा, त्यांना खांद्यात सैल होणारा. बूट मी नवे कोरे आणले होते, पण ते खोक्यातच ठेवून आप्पा आपले जुने कॅनव्हासचे घालून आले होते. नव्या चामड्याचा वास घोड्याला आवडत नाही म्हणे. हे त्यांनी मला अशा सुरात सांगितलं, की जणू आदल्या दिवशी घोड्याला विचारूनच आले होते.

शेवटी मी त्यांच्या दंडाला धरलं आणि आत घेतलं. दरवानानं बिल्ला पाहून आप्पांना सलाम केला. आप्पांनी त्याच्याहून कडक सलाम त्याला परत केला.

पुण्याच्या रेसकोर्सवरचा तो सप्टेंबरातला रविवार होता. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते, चाकणच्या तीन कारखान्यांत माझी कँटीन चालत होती, आणि माझ्या मालकीची एक घोडी पाचव्या शर्यतीत धावणार होती. घोडीचं नाव तिखट. लाल रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका. आधीच्या मालकाकडे ती पाच वेळा धावली आणि एकदाही चौथ्याच्या वर आली नाही, म्हणून तर माझ्यासारखीच्या वाट्याला आली. माझा नवरा म्हणाला, "बायका पन्नाशीकडे आल्या की गळ्यातलं काहीतरी घेतात." मी म्हटलं, मी गळ्यात लगाम असलेलं घेतलं.

लोकांना वाटलं, बाईला शौक चढला. शौक वगैरे काही नव्हता. मला एकच गोष्ट हवी होती. तिखट जिंकावी, आणि जिंकलेल्या घोडीच्या फोटोत आप्पा उभे असावेत.

आमच्या घोरपडीच्या दोन खोल्यांत भिंतीवर असे अकरा फोटो होते. आप्पा ज्यांच्याकडे कामाला होते त्या रुस्तमशेठचे घोडे जिंकले की शेठ एक प्रत आप्पांना द्यायचे. प्रत्येकात मधोमध घोडा, लगाम धरलेले शेठ, पांढऱ्या हातमोज्यांतली त्यांची बायको, ट्रेनर, जॉकी. ज्यानं त्या घोड्याला पहाटे चारला उठून खरारा केला, पाय चोळले, ताप आला तेव्हा त्याच्या ठाणात गोणपाटावर झोपला, तो माणूस अकरांपैकी एकातही नव्हता. फोटोच्या वेळी मोतद्दारानं लगाम मालकाच्या हातात द्यायचा आणि दोरीच्या बाहेर जाऊन उभं राहायचं, ही तिथली रीतच. आई रोज त्या काचा पुसायची. आमच्या भिंतीवर परक्या लोकांचे अकरा फोटो होते आणि आप्पांचा एकही नव्हता. लग्नातलासुद्धा नाही. याचा मला लहानपणापासून राग होता.

आप्पा तबेल्यातच राहायचे, घरी यायचे सोमवारी. रविवारच्या शर्यती संपल्या की दुसऱ्या दिवशी दुपारी. बोलणं जवळजवळ नाहीच. शाळेत कितवीत आहेस, एवढं एकदा विचारलं की त्यांचा वर्षाचा कोटा संपायचा. पण त्यांनी मला हाक मारायची एक तऱ्हा होती. दाराबाहेर उभे राहायचे आणि खिशातल्या खिशात लिमलेटच्या गोळीचा कागद वाजवायचे. चुर्र, चुर्र. मी अभ्यासाला बसलेली असले तरी मान वर व्हायची आणि मी धावत सुटायची. नावानं कधी बोलावल्याचं आठवत नाही. त्या कागदाच्या आवाजावर मी सहा दिवस काढायची, हे त्यांना कधी कळलं असेल असं मला वाटत नव्हतं.

शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकमध्ये आम्ही गेलो तेव्हा इराणी साहेब, माझे ट्रेनर, हिरवळीच्या मधोमध हॅट घालून उभे होते. घोडे भोवतीनं चालत होते, एकेका मोतद्दाराच्या हातात एकेक. इराणी साहेबांनी आप्पांना पाहिलं आणि दोन्ही हात पसरले.

"अरे गेनबा! तू इथं काय करतोस?"

"साहेब, ते माझे वडील," मी म्हटलं. मी हे त्यांना मुद्दामच आधी सांगितलं नव्हतं.

साहेबांचे हात तसेच राहिले. मग ते सावरले. "तुम्ही शालनबाईंचे... अहो, मग या ना तुम्ही, असे पुढे या."

त्या 'तुम्ही'नं आप्पा इतके अवघडले की त्यांनी हातच जोडले. "साहेब, मला आपलं पयल्यासारखं गेनबाच म्हना."

तेवढ्यात तिखट समोरून गेली. आप्पांचा चेहरा बदलला. पाठ ताठ झाली, डोळे बारीक झाले. तीन महिन्यांपूर्वी मी घोडी घेतल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी अभिनंदन सोडाच, का घेतलीस हेही विचारलं नव्हतं. फक्त म्हणाले होते, "डाव्या पायाचा खूर कसा हाय?" गुडघे गेल्यापासून ते तबेल्याकडे फिरकले नव्हते, आणि आज ते तिला पहिल्यांदा पाहत होते.

"कशी आहे?" मी विचारलं.

"उजवा कान मागं ठिवतीय."

"म्हणजे वाईट?"

"म्हंजी ऐकतीय. अजून कुणाचं ऐकायचं ते ठरलं न्हाय तिचं."

तिला धरून चालवणारा हनीफ पन्नाशीचा होता. उमेदवारीची पहिली वर्षं त्यानं आप्पांच्याच हाताखाली काढलेली. चालता चालता त्याची नजर आप्पांवर पडली आणि तो तोंडभर हसला. घोडीवर खोगीर कसायला सगळे थांबले तेव्हा आप्पा इराणी साहेबांबरोबर तिचा खूर बघायला वाकले, आणि हनीफ माझ्याशी बोलायला लागला.

"मॅडम, आज जिंकलो ना, तर फोटो एक नंबर येणार. काका आलेत."

"काकांना फोटोत उभं करायचंय मला," मी म्हटलं.

"फोटोत नाही हो. फोटोसाठी. काका म्हणजे कान उभे करायचे उस्ताद. धावून आलेला घोडा दमलेला असतो, कान पाडून उभा राहतो. तसा फोटो काढला तर गाढवासारखा दिसतो. काका काय करायचे, बाजूला उभे राहून खिशात लिमलेटचा कागद वाजवायचे. असा चुर्र करून. घोड्याची मान वर, कान वर, की फोटोवाला बटण दाबणार. मग काका ती गोळी घोड्याला द्यायचे. दुसरे मालकपण त्यांनाच बोलवायचे."

मी हसले, कारण हसायला हवं होतं.

जी एकच गोष्ट माझी आहे असं मी चाळीस वर्षं धरून चालले होते ती घोड्यांची होती. रविवारी घोड्यांपुढे वाजवलेला कागद सोमवारी माझ्यापुढे वाजत होता. उरलेली गोळी मला मिळत होती. चव्वेचाळीस वर्षांच्या, शंभर माणसं कामाला असलेल्या बाईला त्या क्षणी घोड्यांचा मत्सर वाटला, आणि तो मी इथे लपवत नाही.

जॉकी आला. मालक म्हणून मी नोंदवलेल्या रंगांत होता, हिरवा सदरा आणि लाल बाह्या. त्यानं टोपीला हात लावून मला नमस्कार केला, मग आप्पांना. आप्पा जमिनीकडे पाहत राहिले. घोडे मैदानाकडे निघाले तसे ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "चांगली हाय. पाय चांगले हायेत. तुला कुनी फसिवलं न्हाय." त्यांच्या तोंडून एवढी तारीफ मी एसेसीला पास झाले तेव्हाही ऐकली नव्हती. तीही पायांची.

स्टँडमध्ये मी त्यांना पुढच्या रांगेत बसवलं. दुर्बीण दिली, ती त्यांनी मांडीवर ठेवली. पलीकडे, पार मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नऊ घोडे फाटकात शिरत होते, मला ते मुंग्यांएवढे दिसत होते. लाउडस्पीकरवरचा माणूस सगळ्यांची नावं झोकात घेत होता. माझ्या घोडीपाशी आला की अडखळायचा आणि "टीकट" म्हणायचा.

फाटक उघडलं. पहिली काही सेकंदं मला हिरवं-लाल कुठे दिसेना. मग दिसलं, सातवं. आत, कठड्याला चिकटून, पुढच्या घोड्यांच्या मागे कोंडलेलं. मी उठून उभी राहिले. आप्पा बसूनच होते आणि पुटपुटत होते.

"आत्ता न्हाय बाय. आत्ता न्हाय. ऱ्हाऊ दे त्येला फुडं."

"आप्पा, ती अडकलीय."

"अडकली न्हाय. थांबलीय. आत्ता न्हाय बाय."

वळणावर घोडे पसरले. समोरचा काळा घोडा बाहेरच्या बाजूला सरकला आणि कठड्याशी एका घोड्याएवढी वाट मोकळी झाली. तेव्हा आप्पा, मुलाला कोपऱ्यावरच्या दुकानात धाडावं अशा साध्या आवाजात म्हणाले, "हां. जा आता."

ती गेली. सहावी, चौथी, तिसरी. स्टँड उठला. आजूबाजूचे लोक भलत्याच घोड्यांची नावं घेऊन ओरडत होते, आणि मी माझ्या घोडीचं नाव ओरडत होते की नुसतीच ओरडत होते ते मला सांगता येणार नाही. शेवटच्या शंभर मीटरवर ती आणि एक पांढरा घोडा बरोबर होते. खुरांचा आवाज पायांखालच्या फरशीतून वर येत होता. शर्यत संपते त्या खांबापाशी लाल डोकं पुढे होतं. मानेएवढं.

आप्पा रडत होते का, ते मी पाहिलं नाही. मी वळले तेव्हा त्यांची खुर्ची रिकामी होती. ते पायऱ्या उतरत होते, आणि गुडघे गेलेला माणूस असा उतरत नाही.

जिंकलेल्या घोड्याला मालकानं स्वतः लगाम धरून आत आणायचं असतं. मैदानाच्या कडेला हनीफनं लगाम माझ्या हातात दिला. मी तो आप्पांच्या हातात दिला.

"धरा."

"शाले, हे मालकानं..."

"मालक सांगतेय. धरा."

त्यांनी धरला. तिखट घामानं काळी पडली होती, नाकपुड्या भात्यासारख्या चालत होत्या. तिच्या एका बाजूला आप्पा, दुसऱ्या बाजूला मी. लोक टाळ्या वाजवत होते. ती साठ-सत्तर पावलं असतील. घोडीच्या मानेपलीकडून मला त्यांची टोपी आणि कोटाचा सैल खांदा दिसत होता, आणि तिच्याशी ते हळू आवाजात काहीतरी बोलत होते. काय ते मला ऐकू येत नव्हतं. माझी घोडी जिंकली होती, आप्पांच्या हातात लगाम होता, आणि तरी मला वाटत होतं, त्यातलं थोडं माझ्याशी बोला ना.

दोरी लावलेल्या चौकात फोटोवाला तयारच होता. "या मॅडम. साहेब, इकडून. जॉकी, जरा आत."

आणि आप्पांनी लगाम माझ्या हातात दिला. नुसता दिला नाही. माझा अंगठा उचलून बरोबर जागी ठेवला, बोटं मिटवली, घोडीच्या कपाळावरचा घाम बाहीनं पुसला. आणि मागे सरत सरत दोरीच्या बाहेर गेले. चाळीस वर्षं जसे गेले तसेच.

"आप्पा, इकडे या."

"फोटूत मालक असतो."

"तुमच्यासाठीच घेतलीय ती. या इकडे. माझ्याशेजारी उभे राहा."

"कान पाडल्यात तिनं," ते म्हणाले. "असा फोटू काढू न्हाय."

"मरू देत ते कान," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. इराणी साहेबांनी हॅट सारखी केली आणि ते दुसरीकडे पाहू लागले.

"मॅडम, प्लीज," फोटोवाला म्हणाला. "पुढच्या शर्यतीचे घोडे यायला लागलेत. इकडे बघा. कॅमेऱ्यात. आणि कुणीतरी कान करा रे हिचे."

हनीफनं जीभ टाळूला लावून टकटक केलं. तिखटनं दखल घेतली नाही. तिचे कान दोन बाजूंना लोंबत होते. मी कॅमेऱ्यात बघत होते, दात आवळून, डोळ्यांत पाणी, आणि मनात म्हणत होते की एवढं सगळं केलं ते यासाठी का. त्या भिंतीवर आणखी एक फोटो वाढणार होता, आणि त्यातही ते नव्हते.

तेव्हा उजवीकडून आवाज आला. चुर्र. चुर्र.

फोटोवाल्यानं बटण दाबलं.

मग कप, हस्तांदोलनं, कुणीतरी हातात दिलेला चहा. आप्पा कुठेच नव्हते. तासाभरानं मला ते तबेल्यात सापडले. कोट खुंटीवर, बाह्या वर सारलेल्या. त्यांनी आणि हनीफनं घोडीला फिरवून गार केलं होतं आणि आता ते तिच्या पायांवर पाणी ओतत होते. पुठ्ठ्याचा बिल्ला भिजून लगदा झाला होता.

परत जाताना गाडी मी चालवत होते. गोळीबार मैदानाच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मला राहवलं नाही.

"तो कागद घोड्यांचा होता, हे मला आज कळलं."

"कंचा कागद?"

"लिमलेटचा. हनीफनं सांगितलं. मला वाटायचं, तो माझा आहे."

आप्पा खिडकीतून बाहेर पाहत होते. सिग्नल सुटला. पुलावर चढलो तेव्हा ते म्हणाले, "हनीफला काय ठावं. त्यो मागनं आला."

"म्हणजे?"

"तू दीड वर्साची असशील. लई रडायची. मी सोमवारी यायचो तर वळखायची न्हाईस, बगितलं की आजून रडायचीस. एक दिस खिशात हात घातला, कागद वाजला. तू गप. मान वर करून माज्याकडं बघाया लागलीस. अशी." त्यांनी मान उंचावून दाखवली. "मग म्हनलं, घोड्याला करून बघू."

मी गाडी कडेला घेतली.

"म्हणजे आधी मी?"

"आदी तूच की," ते म्हणाले, जणू यात विचारण्यासारखं काय आहे. "घोडं बगायचं दोन-तीनदा वाजिवल्यावर. तू पयल्या आवाजाला."

घोरपडीच्या घरी पोचल्यावर मी स्टुलावर चढून अकराच्या अकरा फोटो खाली काढले आणि अंथरुणावर मांडले. मागे स्टुडिओचा शिक्का आणि साल होतं. इतकी वर्षं मी त्या फोटोंतली माणसं पाहून चिडत आले होते, घोड्यांकडे कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या जन्माआधीचे तीन निघाले. तिन्हींत घोड्यांचे कान पडलेले, एकाचा तर एक इकडे आणि एक तिकडे. उरलेल्या आठांत घोड्यांची मान वर आणि कान ताठ, सगळे फोटोच्या बाहेर एकाच बाजूला बघताना. आप्पा दारात उभे राहून विचारत होते, "काय सांडलं का?"

तिखट त्यानंतर जिंकली नाही. आप्पा पुढच्या वर्षी दिवाळीनंतर गेले, झोपेत.

बारावा फोटो आला तेव्हा ते होते. डोळ्यांजवळ धरून त्यांनी तो बराच वेळ पाहिला. "कान बराबर आल्यात," ते म्हणाले. मग बोट माझ्यावर ठेवून म्हणाले, "तू मातर कॅमेऱ्यात बघाया पायजे हुतंस."

तो फोटो आता माझ्या ऑफिसात आहे, खुर्चीच्या मागे. येणारे जाणारे विचारतात, घोडी आणि तुम्ही, दोघी कुणाकडे बघताय? घोडीचे कान उभे आहेत, मान वर आहे. माझीही मान तशीच वर आहे, तिच्याच बाजूला वळलेली, आणि तोंड थोडं उघडं. सांगते मी, वडील तिकडे उभे होते म्हणून. फोटोत नाहीत का, असं विचारतात. नाहीत, म्हणते.

कँटीनमध्ये दिवसभर काही ना काही फोडलं जातं, बिस्किटांचे पुडे, मसाल्यांची पाकिटं, चहाच्या पिशव्या. माणसांना सवय झाली आहे, कुणी काही म्हणत नाही. मी कुठेही असले, कुणाशीही बोलत असले, तरी माझी मान वर होते. अजून पहिल्याच आवाजाला.